न्हाणीचे पाणी वाया का घालवायचे?



फेब्रुवारी संपत आला की आपल्या वसतिगृहांकडून येणाऱ्या पत्रांत एक मागणी ठरलेली असते : टँकरसाठी मदत हवी. आपण हितचिंतक ती मदत मनापासून करतो. पण टँकरचे पाणी दोन-तीन दिवसांत संपते आणि पुढच्या आठवड्यात तीच मागणी पुन्हा येते. आलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. या लेखात मला त्याविषयी लिहायचे आहे. वापरलेले पाणी थोडे स्वच्छ करून पुन्हा कामाला लावता येते. ते कसे, त्याने किती पाणी वाचते आणि कोणती काळजी घ्यावी लागते, हे होईल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगतो.

मी राहतो कबनूरला, कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात. गाव इचलकरंजीला इतके चिकटलेले की शहर कुठे संपले आणि गाव कुठे सुरू झाले ते परक्या माणसाला कळत नाही. घरोघरी यंत्रमागांचा खडखडाट. माझी सगळी नोकरी कापड धुण्याच्या आणि रंगवण्याच्या खात्यात गेली, त्यामुळे पाण्याशी रोजचा संबंध. निवृत्तीनंतर वर्षातून एक-दोनदा वसतिगृहांच्या कामासाठी डोंगराळ भागात जाणे होते. एकीकडे भरपूर पाण्याचा प्रदेश आणि दुसरीकडे हंड्यासाठी पायपीट, अशी दोन्ही टोके पाहिल्यावर जे लक्षात आले ते मांडत आहे.

नदीकाठी राहून तहानलेले

आमच्याकडे पाण्याला तोटा नाही असे बाहेरच्यांना वाटते. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते आणि ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. २००५, २०१९ आणि २०२१ सालचे महापूर साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. ऑगस्टमध्ये ज्या भागात बोटी फिरतात, त्याच भागात एप्रिलमध्ये घागरींच्या रांगा लागतात.

कारण असे की, शहरांनी आणि कारखान्यांनी नदीतून पाणी उचलले, एकदा वापरले आणि मैला-रसायनांसह परत नदीतच सोडले. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो माणसे आजारी पडली, काहींचे प्राण गेले. ही कावीळ ‘ई’ प्रकारची होती. मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून ती पसरते आणि गरोदर बाईच्या जिवावर उठते. त्या दिवसांत आमच्या भागात पाणी उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नव्हते.

पंचगंगेचे पाणी भरवशाचे राहिले नाही म्हणून शहराने कृष्णेचे पाणी आणले. तेही पुरेना म्हणून वारणेकडे आणि नंतर दूधगंगेकडे पाहिले. दोन्ही वेळा त्या नद्यांच्या काठच्या गावांनी विरोध केला. ‘तुम्ही तुमची नदी घाण केलीत, आता आमची मागता,’ असा त्यांचा सूर. शहरातल्या बायाबापड्यांची तहानही खरी आणि त्या शेतकऱ्यांची भीतीही खरी.

हे सारे आदिवासी कल्याणाच्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. मुंबईचे उदाहरण घ्या. मुंबईला पाणी देणारे तानसा, वैतरणा आणि भातसा हे मोठे जलाशय ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगरी भागात आहेत. तानसाचे पाणी तर १८९२ पासून मुंबईला जाते. याच भागातल्या शहापूर-मोखाड्याच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मोठी जलवाहिनी शेजारून जाते आणि पाड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते. शहर जितके ताजे पाणी मागते, तितके ते कुणाच्या तरी उशाचे असते. म्हणून शहरात एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरले गेले, तर त्याचा लाभ शेवटी पाड्यापर्यंत पोचू शकतो.

जसे काम, तसे पाणी

पाण्याच्या पुनर्वापराचे मूळ सूत्र एवढेच : प्रत्येक कामाला सारख्या शुद्धतेचे पाणी लागत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला उत्तम पाणी हवे. आंघोळीला स्वच्छ हवे. संडासात ओतायला, फरशी धुवायला आणि झाडांना घालायला त्याहून साधे चालते.

आपल्या आजीला हे ठाऊक होते. तांदळाचे धुवण म्हशीच्या आंबोणात जायचे. मोरीचे पाणी परड्यातल्या केळीला आणि अळूला मिळायचे. कापडाच्या धंद्यातही हाच विचार आहे. कापड चार पाण्यांतून धुवायचे असेल, तर शेवटच्या धुण्याचे पाणी जवळजवळ निर्मळच निघते. ते फेकायचे नाही. पुढच्या घाणीच्या पहिल्या धुण्याला वापरायचे, कारण पहिल्या धुण्याला कापड सर्वांत मळलेले असते. चार धुण्यांचे काम कमी पाण्यात भागते.

मोठ्या प्रमाणावर हेच करणारी गावे आहेत. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला होजिअरी कापडाच्या रंगाईने नोय्यल नदी नासली होती. मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यांनी रंगाचे पाणी बाहेर सोडूच नये असा दंडक घातला आणि तो पाळला जात नाही म्हणून २०११ मध्ये रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. आता तेथे सांडपाणी गाळून, त्यातले मीठ वेगळे काढून बहुतांश पाणी पुन्हा रंगाईलाच वापरतात. आपल्या नागपुरात शहराचे सांडपाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जाते, त्यामुळे तेवढे पेंच धरणाचे पाणी वाचते. आफ्रिकेतल्या नामिबिया देशाच्या विंडहुक शहरात तर १९६८ पासून सांडपाणी अतिशय काटेकोरपणे शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. तेवढी यंत्रणा आपल्या वसतिगृहांना परवडणार नाही आणि तिची गरजही नाही. आपल्याला फक्त न्हाणीचे पाणी संडासापर्यंत न्यायचे आहे.

कुलूप लावलेले संडास

गरज कुठे आहे ते सांगतो. मागच्या उन्हाळ्यात मी मुलींच्या एका वसतिगृहात दोन दिवस राहिलो. ऐंशी मुली. सकाळी पाचपासून आंघोळी. न्हाणीघराच्या मागून साबणाचे पाणी उतारावर वाहत जाऊन कुडाच्या बाहेर चिखल होत होता. त्यात डुकरे लोळत होती. आणि दुपारी जेवणानंतर संडासांना कुलूप लागले. विचारल्यावर तेथील ताई म्हणाल्या, “काका, ओतायला पाणीच उरत नाही. उघडे ठेवले तर तासाभरात तुंबतात.”

संध्याकाळी अंधार पडायची वाट पाहत मुली घोळक्याने रानाकडे निघाल्या. काही मुली दुपारनंतर पाणीच पीत नाहीत, म्हणजे जावे लागत नाही, असेही ताईंनी सांगितले. उन्हाळ्याच्या काहिलीत पाणी न पिणाऱ्या मुलीचे डोके दुखते आणि लघवीची जळजळ सुरू होते. महिन्याच्या त्या चार दिवसांत तर मोठ्या मुली घरी निघून जातात. काही परत येतात, काही येत नाहीत. आपण ज्या मुलीच्या शिक्षणासाठी वर्षभर देणगी गोळा करतो, तिची शाळा दोन बादल्या पाण्यावाचून सुटू शकते.

आता हिशेब मांडू. प्रत्येक मुलीला पिण्यास व स्वयंपाकास ७ लिटर, आंघोळीस १५ लिटर, हातपाय व कपडे धुण्यास ८ लिटर आणि संडासात प्रत्येक वेळी ५ लिटर याप्रमाणे तीन वेळचे १५ लिटर धरू. एकूण ४५ लिटर. ऐंशी मुलींना रोज ३,६०० लिटर लागतील.

यातले आंघोळीचे आणि धुण्याचे पाणी मिळून १,८४० लिटर होते. सांडलवंड आणि गाळणीत अडकणारे वजा केले तरी दीड हजार लिटर हाती राहते. संडासांची गरज १,२०० लिटर. म्हणजे न्हाणीच्या पाण्यात संडास पूर्ण भागतात आणि वर तीनशे लिटर झाडांना उरते. ताज्या पाण्याची गरज ३,६०० वरून २,४०० लिटरवर येते. एक तृतीयांश बचत. महिन्याचे ३६,००० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेतीन टँकर.

धार-झाबुआच्या आश्रमशाळा

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआ या आदिवासी जिल्ह्यांतील आश्रमशाळांत असे प्रकल्प उभे राहिले. त्यामागे नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे सर्वांच्या ओळखीची ‘नीरी’, आणि युनिसेफ होती. मुलांच्या आंघोळीचे पाणी गाळून संडासांसाठी वापरायचे, असे त्यांनी केले. त्या अनुभवावरून २००७ मध्ये ग्रामीण शाळांसाठी मार्गदर्शक पुस्तिकाही निघाली. महागडी यंत्रे न लावता, स्थानिक गवंड्याला बांधता येईल अशी ही पद्धत आहे.

तिचे टप्पे असे :

पहिला टप्पा – जाळी. न्हाणीघरातून निघणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी जाळी बसवावी. केस, साबणाचे तुकडे, पाने तेथे अडकतात. ती रोज साफ करावी लागते.

दुसरा टप्पा – निवळण टाकी. येथे पाणी संथ होते. माती तळाला बसते, साबणाची साय आणि तेल वर तरंगते. बाहेर जाणारा पाइप मधल्या उंचीवर ठेवला की स्वच्छ थर तेवढा पुढे जातो.

तिसरा टप्पा – खडीची गाळणी. एका कप्प्यात पाणी खालून वर चढते, दुसऱ्यात वरून खाली उतरते. आधी सुपारीएवढी खडी, मग हरभऱ्याएवढी.

चौथा टप्पा – वाळूची गाळणी. धुतलेली जाड वाळू वापरावी. न धुतलेली वाळू स्वतःच पाणी गढूळ करते.

पाचवा टप्पा – हवा. गाळलेले पाणी दोन-चार पायऱ्यांवरून खळाळत खाली सोडावे. पाण्यात हवा मिसळते आणि कुबट वास कमी होतो.

सहावा टप्पा – साठवण टाकी. झाकण घट्ट, हवेच्या नळीला डासांची जाळी. येथे ब्लीचिंग पावडर घालतात. तिची मात्रा आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्यावी, अंदाजाने टाकू नये.

डोंगरावरच्या वसतिगृहांना एक फायदा आहे. न्हाणीघर वरच्या अंगाला आणि संडास खालच्या अंगाला असतील तर सारे पाणी उताराने चालते. पंप नको, वीज नको. नवी इमारत बांधताना आराखड्यातच ही रचना ठेवली तर पुढचा खर्च वाचतो. बांधकामासाठी देणगी देणाऱ्यांनी ही एक गोष्ट आवर्जून विचारावी.

काळजी कशाची घ्यायची

पुनर्वापराचे काम अर्धवट केले तर त्रास होतो. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

संडासाचे पाणी या व्यवस्थेत कधीही येऊ देऊ नये. त्याचा मार्ग वेगळा, शोषखड्ड्याच्या संडासाकडे किंवा सेप्टिक टाकीकडे.

पुनर्वापराच्या पाण्याचा पाइप पिण्याच्या पाइपला कुठेही जोडलेला नसावा. त्याला वेगळा रंग द्यावा. लहान मुलांना वाचता येत नाही, म्हणून टाकीवर ‘पिऊ नये’ या अक्षरांबरोबर चित्रही काढावे. या पाण्याला उघडा नळ ठेवू नये. ते थेट संडासातल्या हौदात पडावे.

पाणी त्याच दिवशी संपवावे. न्हाणीचे पाणी एक दिवसापेक्षा जास्त साठले की सडते आणि वास येतो. वास आला की मुली ते वापरणार नाहीत आणि सगळा खर्च फुकट जाईल. उरलेले संध्याकाळी झाडांना सोडून टाकी रिकामी करावी.

कावीळ, जुलाब किंवा त्वचारोग असलेल्या मुलीचे कपडे वेगळे धुवावेत. ते पाणी शोषखड्ड्यात जावे.

स्वयंपाकघराचे पाणी तेलकट आणि खरकटे असते. त्याने वाळूची गाळणी लवकर बुजते. ते केळी, अळू किंवा कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. या झाडांना पाणी भरपूर लागते.

कपड्याच्या सोड्याचे पाणी रोज एकाच वाफ्यात घातले तर जमीन कडक होते, काळ्या जमिनीत तर लवकरच. म्हणून वाफे बदलत राहावेत आणि मधूनमधून ताजे पाणी द्यावे. पालेभाजी, मुळा, कोथिंबीर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी घालू नये. फळझाडांच्या बुंध्याशी घालायला हरकत नाही.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे देखभाल. वाळूचा वरचा थर बुजला की खरवडून, धुवून परत भरावा लागतो. हे काम ‘सर्वांचे’ म्हटले की कोणाचेच राहत नाही. अनेक चांगल्या योजना येथेच बंद पडतात. म्हणून एका माणसावर जबाबदारी सोपवावी, वहीत तारीख लिहावी आणि भेटीला येणाऱ्या कार्यकर्त्याने हिशेबाच्या वहीबरोबर ती वहीही पाहावी. मोठ्या मुलींची पाणी समिती केली तर त्या हे काम हौसेने करतात. पुढे आपल्या पाड्यावर गेल्यावर ही विद्या त्यांच्याबरोबर जाते.

पाड्यावरच्या घरासाठी

घरात माणसे पाच-सहा असतील तर एवढी रचना लागत नाही. मोरीचे पाणी परसबागेत वळवले तरी पुरे. जागा नसेल तर शोषखड्डा करावा. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे केले, उघडी गटारे संपवली आणि डासही कमी झाले. पुढे तो ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला आणि रोजगार हमीतून इतर गावांत पोचला. गाळ अडवणारी छोटी टाकी मध्यभागी आणि तिच्याभोवती दगड-खडी, अशी त्याची सोपी रचना आहे. विहीर किंवा हातपंपापासून तो निदान १५ मीटर लांब हवा. चिकण जमिनीत पाणी मुरत नाही, तेथे केळीचा वाफाच बरा.

केंद्राच्या जलजीवन मिशनचे ध्येय माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचे आहे. नळ आला की सांडपाणीही वाढणार. घरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे अभियंते धरतात. नळाबरोबर त्याची सोय केली नाही, तर आज कोरड्या असलेल्या पाड्यात उद्या डबकी आणि मलेरिया येईल. ग्रामसभेत नळाची मागणी करताना सांडपाण्याची मागणी त्याच ठरावात घालावी.

आपल्या घरापासून

आपण वाचक बहुतेक शहरांत राहता. आपल्या स्वयंपाकघरातले आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना अनेकदा दोन-तीन लिटर पाणी टाकून देते. त्याखाली बादली ठेवली तर फरशी पुसण्याचे आणि भांडी विसळण्याचे काम होते. वॉशिंग मशीनचे शेवटचे पाणी संडासाला चालते. मोठ्या सोसायट्यांत सांडपाणी शुद्धीकरणाचा संच बसवलेला असतो. तो चालू आहे की नुसता दाखवण्यापुरता आहे, एवढे पुढच्या सभेत विचारा. मुंबई-ठाण्याच्या वाचकांनी तर हे विचारावेच, कारण त्यांच्या नळाचे दुसरे टोक आदिवासी पाड्यांच्या शेजारी आहे.

वसतिगृहांच्या प्रमुखांना आणि कार्यकर्त्यांना विनंती अशी की, या तिमाहीत तीन गोष्टी पाहून कार्यालयाला कळवाव्यात : न्हाणीघराचे पाणी सध्या कुठे जाते, न्हाणीघर आणि संडास यांत कोणते उंचावर आहे, आणि उन्हाळ्यात संडास दिवसातून किती तास बंद ठेवावे लागतात. एवढ्या माहितीवर कुठल्या ठिकाणी आधी काम घ्यायचे ते ठरवता येईल. पावसाळा सुरू होण्यापूर्वी टाक्यांचे खोदकाम आटोपले पाहिजे, नंतर डोंगरात गवंडी मिळत नाही आणि वाळूही.

टँकरसाठी मदत द्यावीच लागेल, तहान थांबत नाही. त्या मदतीबरोबर एका गाळणीचा खर्च उचलता आला, तर दरवर्षीच्या टँकरांची संख्या कमी होईल. आणि दुपारी संडासाला लागणारे कुलूप निघेल.